सही जुळत नाही

माणसाला जन्मभर न सुटणारे प्रश्न दोनच. एक, ‘आज भाजी कसली करू?’ आणि दुसरा, ‘मी कोण?’ पहिला प्रश्न घरोघरच्या गृहिणींना पडतो, दुसरा ऋषिमुनींना पडत असे. ऋषिमुनींनी त्यासाठी अरण्यं गाठली, दाढ्या वाढवल्या, उपनिषदं रचली. आमच्या बँकेत मात्र हा प्रश्न आम्ही रोज सकाळी काउंटर उघडल्याबरोबर विचारतो आणि त्याचं उत्तर दोन झेरॉक्स प्रतींसह मागतो. प्रतींवर सही हवी. सही जुळली नाही, तर तुम्ही तुम्ही नाही. याज्ञवल्क्यसुद्धा इतके कडक नव्हते.

मी बी.कॉम. सेकंड क्लास. विज्ञान दहावीला सुटलं, ते दोघांच्याही संमतीनं. पण विज्ञानकथा म्हणाल, तर दिवाळी अंकातली एक सोडत नाही. घरी वाटतं, हा विज्ञानासाठी वाचतो. मी वाचतो ते खातेदारासाठी. या कथांमध्ये पुन्हा पुन्हा एकच भानगड असते. कोणाचं तरी डोकं बदलतं, हात बदलतो, शरीर जातं आणि मेंदू उरतो, नाहीतर यंत्र उठून ‘मी माणूस’ म्हणायला लागतं. मग लेखक विचारतो, आता हा तोच का? बँकेच्या भाषेत, खातं जुनंच चालवायचं की नवा फॉर्म भरून घ्यायचा? हा शुद्ध कॉमर्सचा प्रश्न आहे. सायन्सवाल्यांनी तो उगाच आपल्याकडे घेतला.

आता जिंतूरसारख्या गावात बसून कोणी अंतराळाच्या गोष्टी कराव्यात याचं पुण्या-मुंबईच्या मंडळींना नवल वाटेल. पण अंतराळ आम्हाला नवं नाही. गावाजवळच्या नेमगिरीच्या जैन लेण्यांत ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’ आहेत. भली मोठी मूर्ती, आणि टेकलेली एवढ्याशा दगडावर. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला तर आकाशातून पाहुणा प्रत्यक्ष येऊन आदळला आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा करून बसला. तेव्हा आमच्या मुलखात येण्यासाठी परग्रहावरून फक्त बाहेर पडण्याचा अवकाश. पुढचं आम्ही बघून घेतो.

इतिहासाकडे वळू. ‘हा तोच का?’ हा प्रश्न आपल्याकडे विज्ञानाच्या कितीतरी आधी निघाला. वेताळानं विक्रमाला तो अगदी नेमका घातला होता. देवळात दोन पुरुषांची मुंडकी उडालेली. एक त्या बाईचा नवरा, दुसरा भाऊ. देवी प्रसन्न होते, मुंडकी धडांना लाव म्हणते, आणि घाईत बाई ती उलटसुलट लावते. आता नवरा कोणता? विक्रम म्हणाला, मस्तक सर्व अवयवांत श्रेष्ठ, म्हणून ज्याला नवऱ्याचं मस्तक तो नवरा. पुढे जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांनी १९४० मध्ये या गोष्टीवर लेखणी चालवली आणि गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’ नाटक केलं. सगळ्यांनी मस्तकाचा विचार केला. अंगठ्याचा कोणीच केला नाही. अंगठा धडाबरोबर राहतो हो! विक्रमानं मस्तकाच्या बाजूनं निकाल दिला. आमच्या शाखेत तो अंगठ्याच्या बाजूनं लागला असता, आणि भलताच माणूस पैसे घेऊन गेला असता.

गोष्टी राहू द्या, खऱ्या इतिहासातही ही पंचाईत झाली आहे. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, ‘भाऊसाहेब मीच!’ झालं. ओळखणाऱ्यांनी ओळखलं, न ओळखणाऱ्यांनी नाही, आणि ज्यांचा फायदा होता त्यांनी सर्वांत आधी ओळखलं. चौकशी, कैद, सुटका, कोकणात बंड, फौजफाटा, सगळं होऊन १७७६मध्ये त्या तोतयाला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. एका माणसाची ओळख पटेना म्हणून राज्याला फौज काढावी लागली! आम्ही तेच काम ‘कृपया सोमवारी या’ एवढ्यावर भागवतो.

गरीब रयतेचं मात्र त्या काळी सोपं होतं. मराठेशाहीतले महजर पाहा. गावकऱ्यांची साक्ष नोंदवलेली, आणि लिहिता न येणाऱ्यांच्या नावापुढे निशाणी काढलेली. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, सुताराची त्याचं हत्यार. ज्याच्या हातात जे अवजार, तीच त्याची सही. तंत्रज्ञानानं माणसाची ओळख बदलते असं आता मोठमोठी पुस्तकं सांगतात. नांगरानं ती केव्हाच करून ठेवली होती! त्या हिशेबानं उद्या महजर निघाला, तर माझ्या नावापुढे स्टेपलर काढावा लागेल.

नांगर गेला आणि अंगठा आला, त्याचीही हकिगत ऐकण्यासारखी आहे. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानं १७८१मध्ये युरेनस ग्रह शोधला. त्याचा नातू, तोही विल्यम हर्शेल, कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये जंगीपूरला होता. १८५८मध्ये त्यानं रस्त्याच्या खडीचा एक करार केला. कंत्राटदाराचं नाव राज्यधर कोनाई. हा गृहस्थ उद्या ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणेल, अशी साहेबाला धास्ती. म्हणून त्यानं कोनाईच्या तळहाताला शाई फासून करारामागे पंजा उमटवून घेतला. हेतू शास्त्राचा नव्हता, दम भरण्याचा होता. पुढे त्याच ठशांचं शास्त्र झालं आणि १८९७मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा देशी माणसांनी वर्गीकरणाचं किचकट काम केलं; पद्धतीला नाव मात्र लागलं हेन्री साहेबांचं. ओळखीच्या शास्त्रातच दोघांची ओळख हरवली. आजोबांनी आकाशातला ग्रह शोधला आणि नातवानं माणसाच्या हातावरचा. कुठल्याही ज्योतिषाला हेवा वाटावा असं घराणं.

इकडे साहित्यातही खळबळ चालू होती. मेरी शेली या पोरसवद्या बाईनं १८१८मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढून मुडद्यांच्या तुकड्यांचा माणूस उभा केला. त्या बिचाऱ्याला नावसुद्धा ठेवलं नाही. लोक अजून त्याला त्याच्या निर्मात्याच्याच नावानं ओळखतात. चेक नाटककार कारेल चापेकनं १९२०च्या नाटकात ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला. त्याच्या भाषेत त्याचा मूळ अर्थ वेठ. आमच्या मराठवाड्याला निजामाच्या राज्यात १९४८पर्यंत वेठ चांगली ठाऊक होती, फक्त त्याला इतकं चकचकीत नाव असतं हे ठाऊक नव्हतं. मराठीत ‘केरळ कोकिळ’ मासिकानं १९००मध्ये ज्यूल व्हेर्नच्या चांद्रप्रवासाचा अनुवाद सुरू केला. पुढे भा. रा. भागवतांनी व्हेर्नला मराठी पोरांच्या हाती दिलं. पण तोवर माणूस चंद्रावर जाऊन यायचा तो जसाच्या तसा. प्रवासानं फार तर त्याची भूक वाढे.

माणूसच बदलून परत यायला लागला तो डॉ. जयंत नारळीकरांच्या हाताखाली. आणि त्याची सुरुवात, काय सांगू, चक्क ओळखीच्या घोटाळ्यानं झाली. १९७४ची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर अहमदाबादला एका परिसंवादात बसले होते. व्याख्यान रटाळ. (अशा वेळी आम्ही चहाची वाट पाहतो. मोठ्या माणसांचं वेगळं असतं.) त्यांनी कागद ओढला आणि ‘कृष्णविवर’ ही कथा लिहायला घेतली. आता नाव घालून पाठवावी, तर परीक्षक नावालाच नमस्कार करणार. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना.चं झालं ना. वि. ज., आणि ‘नारायण विनायक जगताप’ हे गृहस्थ जन्माला आले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात उतरवली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

कथेच्या दृष्टीनं ठीक झालं. पण मी कारकून. नाव एकाचं, अक्षर दुसऱ्याचं, हक्क सांगणारा तिसराच. असा चेक माझ्या काउंटरवर आला असता, तर मी तो ‘सही जुळत नाही’ असा लाल शेरा मारून परत केला असता, आणि मराठी विज्ञानकथा पंचवीस वर्षं मागे गेली असती. साहित्याची सूत्रं बँकेच्या हाती नाहीत हे किती बरं! पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली, आणि १९७९मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला.

त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा वाचली नसेल, तर हा लेख इथेच सोडून आधी ती वाचा. (नंतर मात्र परत या.) डाव्या सोंडेच्या गणपतीची सोंड उजवीकडे जाते, क्रिकेटच्या मैदानात खेळाडूचा हात बदलतो, आणि मागे असते ती मोबियसची पट्टी. कागदाची एक पट्टी घ्या, तिला एक पीळ द्या आणि टोकं चिकटवा. तिच्यावरून डाव्या हाताचा ठसा सरकवत नेला, तर एक फेरी मारून तो उजव्या हाताचा होऊन येतो. अवकाशालाच असा पीळ दिला आणि त्यातून माणूस फिरवून आणला, तर तो आरशातला होऊन परतणार. तोच माणूस, तीच बुद्धी, तीच बायको, पण काळीज उजवीकडे. मी ही कथा वाचून रात्रभर बेचैन होतो. काळजाचं डॉक्टर पाहतील. पण त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा उजव्या हाताला गेला, तोही उलटा, आणि सही करायला बसला तर ती आरशात धरून वाचावी लागणार! आणि गंमत पाहा. आद्याक्षरं उलटी करून आलेल्या जगतापांचं तरी दुसरं काय झालं होतं? तेही आरशातून फिरून आलेले नारळीकरच. लेखकानं प्रयोग आधी स्वतःवर केला आणि मग गणपतीवर.

लक्ष्मण लोंढ्यांनी दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. त्यांच्या ‘दुसरा आइनस्टाईन’ कथेत थोर शास्त्रज्ञाचं शरीर संपत आलेलं आहे, आणि मेंदू तेवढा जिवंत ठेवायचा घाट आहे. म्हणजे विक्रमाचा निकाल थेट प्रयोगशाळेत अमलात आणलेला. ही कथा अमेरिकेतल्या जेम्स गन यांनी जगभरच्या विज्ञानकथांच्या संग्रहात घेतली. जपान, रशिया, फ्रान्सच्या पंक्तीत मराठी पान मांडलं गेलं. मला त्यात एक प्रश्न छळतो. मेंदू जिवंत म्हणजे माणूस जिवंत का? तसं असेल, तर त्याचं पेन्शन चालू ठेवावं लागेल. आणि पेन्शन चालू ठेवायचं, तर नोव्हेंबरात बरणी घेऊन शाखेत कोण येणार?

पुन्हा नारळीकर. ‘वामन परत न आला’ या १९८६च्या कादंबरीत वामन नावाचा यंत्रमानव आहे, आणि त्याला स्वतःसारखे आणखी वामन हवे आहेत. बळीच्या गोष्टीतला वामन तीन पावलांत जग व्यापतो. हा स्वतःच्या नकला काढून. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथांतूनही माणूस आणि यंत्र यांच्यातला बांध असाच कुठे कुठे फुटत असतो. या साऱ्या मंडळींची मला एकच तक्रार सांगायची आहे. त्यांनी यंत्र माणसासारखं होईल याची काळजी केली. यंत्र माणसाला रोज सकाळी ‘तू तूच का?’ म्हणून विचारेल, ही कथा कोणी आधी लिहायला हवी होती.

कारण ती घडून गेली. बँकांत संगणक आणण्याचा करार संघटनांशी १९८३मध्ये झाला, १९८४मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीनं संगणकीकरणाचा आराखडा दिला, आणि आमच्या आधीची पिढी लेजरं मिटून पडद्यासमोर बसली. त्या पिढीत कारकून कारकून होता. माझ्या वेळेपर्यंत त्याचा ‘सिंगल विंडो ऑपरेटर’ झाला. माणसाची खिडकी झाली, तीही सिंगल! फ्रँकेन्स्टाइनच्या प्राण्याला नाव नव्हतं, आम्हाला होतं ते गेलं. मग २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. माणसाला बारा आकडे मिळाले. नोव्हेंबर २०१४मध्ये पेन्शनरांसाठी हयातीचा डिजिटल दाखला आला. घरबसल्या बोट टेका आणि जिवंत असल्याचं सिद्ध करा. यात पुष्कळांची सोय झाली हेही खरं. आजारी म्हाताऱ्यांना रांगेत उभं राहायचं वाचलं, मधल्यामध्ये दुसऱ्याच्या नावावर पैसे उचलणाऱ्या तोतयांची पंचाईत झाली. भाऊसाहेबांच्या तोतयाच्या वेळी हे यंत्र असतं, तर एक फौज आणि एक नाटक वाचलं असतं.

पण विज्ञानकथेत यंत्र बिघडलं की दिवे लुकलुकतात, भोंगे वाजतात. इथे तसं काही होत नाही. इथे नुसती एक लाल अक्षरांची ओळ येते. मागच्या एका पावसाळ्यात निराधार पेन्शनसाठी एक आजी आल्या. सत्तरी उलटलेली, नऊवारी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची पुरचुंडी. जन्मभर कापूस वेचलेली, ऊस तोडलेली बोटं. मी म्हटलं, ‘‘आजी, इथं अंगठा टेका.’’ टेकला. जुळला नाही. पदराला पुसून टेकला, ओल्या फडक्यानं पुसून टेकला. दुसरं बोट, तिसरं, मग दुसरा हात. दहाही बोटं झाली. अंगठ्याच्या रेषा कुठेच नव्हत्या. त्या कुठे गेल्या होत्या हे सांगायला शास्त्रज्ञ नको. शेतात गेल्या होत्या.

आजी माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘काय म्हनतंय रे बाबा ते?’’

‘‘जुळत नाही म्हणतंय.’’

‘‘कामून जुळंना? मी हाय की हितं तुज्या म्होरं!’’

साऱ्या उपनिषदांत मला इतकं सरळ उत्तर सापडलेलं नाही. ‘मी कोण?’ तर ‘मी हाय की हितं.’ पण यंत्राला ते ऐकू जात नाही. त्याला कान नाहीत, फक्त काच आहे. महाराष्ट्रातल्या एका बाईनं पन्नास वर्षं हातानं काम केलं, हा तिच्या असण्याचा सगळ्यांत मोठा पुरावा. आणि नेमका तोच तिच्याविरुद्ध गेला. नांगराची निशाणी काढणाऱ्या कुळंब्याचं अवजार त्याची सही होत असे. आजीच्या अवजारानं तिची सही पुसून टाकली.

रांगेतला एक टोपीवाला मागून ओरडला, ‘‘ओ साहेब, ही आमच्याच गावची हाय. हिच्या लग्नाच्या वरातीत म्या लहानपनी नाचलोय!’’ दुसरी बाई म्हणाली, ‘‘माझी चुलत सासू की ही.’’ बघता बघता चार साक्षीदार उभे राहिले. महजरच भरला म्हणा ना. यंत्र जुळत नसेल तर कागदावर काम करण्याची वाट नियमांत असते. ती आमच्या मॅनेजरांनी काढली, कागदपत्रं पाहिली, सही केली, आणि आजींना पैसे मिळाले. त्यांनी ते दोनदा मोजले. यंत्राचा माझ्यावर विश्वास नाही, मग माझा तरी तुमच्यावर का असावा, असा त्यांचा एकूण आविर्भाव होता, आणि तो न्यायाला धरून होता.

तेव्हापासून मला मराठी भाषेचा एक विशेष लक्षात आला आहे. काही भाषांत ‘तू कोण’ याला एक शब्द असतो आणि ‘आपला परिचय’ याला दुसरा. मराठीत दोन्हीला ‘ओळख’. ओळखपत्रातली तीच ओळख आणि ‘आमची जुनी ओळख आहे’ यातलीही तीच. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या हिशेबी माणसाची ओळख त्याच्या एकट्याच्या खिशात नसतेच. ती थोडी शेजाऱ्याकडे असते, थोडी सुनेकडे, थोडी वरातीत नाचलेल्या पोराकडे. डबल एंट्रीचा नियमच तो. एका वहीत नावे पडलं की दुसऱ्या वहीत जमा असलंच पाहिजे. आपण आहोत याची नोंद दुसऱ्याच्या वहीत नसेल, तर आपला ताळेबंद जुळत नाही, मग अंगठा कितीही सुबक असो.

नारळीकर २० मे २०२५ला गेले. त्यांच्यामागून लिहिणाऱ्या मंडळींना मी एक कथाबीज फुकट देतो. साल तुम्ही ठरवा. एका माणसाचं काळीज नवं, मूत्रपिंडं नवी, हातपाय यंत्राचे, अर्धा मेंदूही दुरुस्त करून आणलेला. असा तो ठणठणीत गृहस्थ नोव्हेंबर महिन्यात जिंतूरच्या एका शाखेत हयातीचा दाखला द्यायला येतो. अंगठा जुळतो. डोळे जुळतात. बारा आकडे जुळतात. यंत्र हिरवी अक्षरं दाखवून टाळ्या वाजवायचं तेवढं बाकी राहतं. पण रांगेत एकही माणूस त्याला ओळखत नाही. गाव बदललं, शेजारी गेले, वरातीत नाचलेलं पोरही गेलं. काउंटरवरचा कारकून वर बघतो, एक जुना छापील फॉर्म त्याच्यापुढे सरकवतो आणि खालच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवतो. तिथे छापलेलं असतं : ‘ओळख देणाऱ्याची सही.’